पेरी मेसन हरतो त्या भागाबद्दल: फाशीच्या निकालानंतर वकिलाच्या हातात काय उरतं?

प्रश्न असा आहे: ‘पेरी मेसन’ या जुन्या अमेरिकन मालिकेतला ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’ हा भाग पाहिला. त्यात मेसन खटला हरतो, त्याच्या अशिलाला मृत्युदंड होतो, तरीही तो तपास चालूच ठेवतो. निकाल लागल्यावर वकिलाला खरोखर असं काही करता येतं का? अशिलाने स्वतःच्या वकिलापासूनच गोष्टी लपवल्या असतील तर? आणि बाकीच्या भागांत न दिसणारी ज्युरी याच भागात कुठून आली?

मी फौजदारी बचावाची कामं करतो, सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयातही. ही मालिका मी कायद्याचं शिक्षण घेत असल्यापासून पाहत आलोय, आणि तिच्यामुळेच कॅलिफोर्नियाचा त्या काळातला फौजदारी कायदा आवडीने वाचला. थोडक्यात उत्तर असं की करता येतं, पण वाट फार अरुंद असते. आणि ती किती अरुंद असते ते लक्षात आलं की या भागाची सगळी रचना वेगळी दिसायला लागते.

आधी ज्युरीचं सांगतो, कारण ते लवकर उरकण्यासारखं आहे. १९५७ ते १९६६ या नऊ हंगामांत मालिकेचे २७१ भाग झाले. त्यातल्या बहुतेक भागांत आपण जे पाहतो तो खटला नसतोच, ती प्राथमिक सुनावणी असते. कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्याचा आरोप ठेवला की आधी मॅजिस्ट्रेटपुढे साक्षीपुरावा होतो. आरोपीला खटल्यासाठी पुढे पाठवण्याइतपत सकृद्दर्शनी पुरावा आहे का, एवढंच तिथे ठरतं. ज्युरी येते ती त्यानंतर. मालिकेत मेसन पहिल्या पायरीवरच प्रकरण संपवतो. निर्मात्यांची त्यात सोयही होती. बारा माणसं दर आठवड्याला बाकावर बसवायची, त्यांचे चेहरे टिपायचे, त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंची भाषणं दाखवायची, हा सगळा वेळ आणि खर्च वाचायचा.

ही पद्धत आपल्यालाही अनोळखी नव्हती, हे आजच्या तरुण वकिलांना सहसा माहीत नसतं. १८९८च्या जुन्या फौजदारी संहितेत सत्र न्यायालयात प्रकरण जाण्याआधी मॅजिस्ट्रेटपुढे कमिटल चौकशी व्हायची, साक्षीदार तपासले जायचे, उलटतपासही व्हायचा. १९७३च्या संहितेने ते काढून टाकलं. आता मॅजिस्ट्रेट कागदपत्रं पाहून प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग करतो. मेसनचं बहुतेक काम ज्या टप्प्यावर चालतं, तो टप्पाच आपल्याकडे उरलेला नाही.

‘डेडली व्हर्डिक्ट’ मात्र वेगळा आहे. ऑक्टोबर १९६३मध्ये, सातव्या हंगामाच्या सुरुवातीला तो दाखवला गेला. भाग सुरू होतो तोच ज्युरीच्या निकालाने. ज्यूली ॲडम्सने साकारलेली जेनिस बार्टन खुनात दोषी ठरते आणि तिला गॅस चेंबरची शिक्षा होते. पहिल्या काही मिनिटांत नायक हरलेला असतो. मेसन इतरत्रही एकदोनदा हरलाय. १९५८च्या ‘टेरिफाइड टायपिस्ट’मध्ये ज्युरी विरुद्ध निकाल देते, पण पिंजऱ्यातला माणूस ज्या नावाने उभा आहे तो माणूसच नाही असं निघतं. १९६३च्याच ‘विटलेस विटनेस’मध्ये तो सुरुवातीला एक अपील हरतो. पण निर्दोष अशील, विरुद्ध निकाल आणि समोर मृत्यू अशी हार फक्त जेनिसच्या प्रकरणात आहे.

खरा खुनी कोण ते इथे सांगत नाही. ज्यांनी भाग पाहिला नाही त्यांचा आनंद जाईल, आणि माझ्या उत्तराला त्याची गरजही नाही.

आता मुख्य मुद्दा. मेसनवर वकिलांचा नेहमीचा आक्षेप असतो की तो दरवेळी खरा खुनी शोधून काढतो, आणि बचावाच्या वकिलाचं ते कामच नाही. आक्षेप बरोबर आहे. आरोपी निर्दोष आहे असं गृहीत धरूनच खटला चालतो. गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध करणं ही सरकार पक्षाची जबाबदारी. मला फक्त एवढं दाखवायचं असतं की सरकार पक्षाची साखळी कुठेतरी तुटते. पंच फिरला, हत्याराची जप्ती संशयास्पद निघाली, घटनास्थळी उजेडच नव्हता तर साक्षीदाराने चेहरा पाहिला कसा, अशा एखाद्या जागी वाजवी शंका उभी राहिली की माझं काम झालं. खून दुसऱ्या कुणी केला हे सिद्ध करायला गेलो तर नको ते ओझं मी स्वतःहून डोक्यावर घेतो. मी दाखवलेला ‘खरा खुनी’ न्यायाधीशांना पटला नाही तर उगाच माझी बाजू लंगडी ठरते. म्हणून ज्युनियर वकिलांना मी हे आवर्जून टाळायला सांगतो.

पण हे सगळं निकाल लागेपर्यंत. दोषसिद्धी झाली की जमीनच बदलते. निर्दोषत्वाचं गृहीतक संपतं, कागदावर तो माणूस आता गुन्हेगार असतो. काल ज्या शंकेवर तो सुटला असता, तीच शंका आज पुरेशी नसते. आता ओझं त्याच्याकडे आलेलं असतं. आणि १९६३मध्ये कॅलिफोर्नियात ते किती मोठं होतं ते पाहा.

जेनिसच्या वकिलापुढे ढोबळमानाने चार वाटा होत्या. पहिली, नव्याने खटला चालवण्याचा अर्ज. नवा पुरावा सापडला या कारणावर तो करता यायचा, पण शिक्षा सुनावली जाण्याआधी. शिक्षा झाली की ते दार बंद. दुसरी, अपील. मृत्युदंड झाला की प्रकरण आपोआप राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाईल अशी तरतूद तिथे १९३५पासून होती, आरोपीला मागणी करावी लागत नसे. पण अपिलात पाहिलं जातं ते खालच्या न्यायालयाचं रेकॉर्ड. जी गोष्ट रेकॉर्डवर आलीच नाही, ती तिथे कुणाला दिसणार? तिसरी, हेबिअस कॉर्पस, म्हणजे कैदच बेकायदा आहे असं म्हणणारी याचिका. नवा पुरावा घेऊन जायला शिक्षेनंतर हीच मुख्य वाट. चौथी, राज्यपालांकडे दयेचा अर्ज.

तिसऱ्या वाटेवरची कसोटी फार कठीण होती. नवा पुरावा असा हवा की सरकार पक्षाने उभी केलेली सगळी इमारत त्याने ढासळली पाहिजे, आणि तो नेमका, निःसंदिग्धपणे निर्दोषत्वाकडेच बोट दाखवणारा असला पाहिजे. साक्षीदाराची विश्वासार्हता थोडी कमी करणारा कागद, वेळेत थोडी तफावत दाखवणारी पावती, हे सगळं खटल्यात सोन्यासारखं, पण इथे त्याची किंमत शून्य. या कसोटीला उतरणारा सगळ्यात खात्रीचा पुरावा कोणता? दुसऱ्या कुणीतरी तो खून केला, हा.

म्हणून मला हा भाग मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. बाकीच्या भागांत खरा खुनी शोधणं ही कथेची हौस असते. इथे ती कायद्याने लादलेली गरज आहे. मेसनला दुसरा रस्ताच उरलेला नाही.

या कसोटीचा इतिहास तर आणखी खोल जातो. ती ज्या निकालातून आली त्याचं नाव ‘इन री लिंडली’, वर्ष १९४७. विल्यम लिंडली नावाचा माणूस होता, उत्तर कॅलिफोर्नियात युबा सिटीच्या परिसरात १९४३मध्ये एका मुलीचा खून झाला आणि त्यात त्याला मृत्युदंड झाला. अपिलातही तो कायम राहिला. त्याच्या वकिलाने मदतीसाठी गाठलं अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांना, म्हणजे पेरी मेसन ज्यांच्या लेखणीतून उतरला त्यांनाच. गार्डनर स्वतः वकील होते. कायद्याची पदवी नसताना स्वतः अभ्यास करून १९११मध्ये त्यांनी सनद मिळवली होती आणि व्हेंचुरा परगण्यात बरीच वर्षं वकिली केली होती. ऑक्सनार्डमध्ये त्यांच्या सुरुवातीच्या अशिलांमध्ये गरीब चिनी माणसं बरीच होती. लिंडलीच्या खटल्याचं सगळं रेकॉर्ड त्यांनी वाचलं, साक्षीदारांनी सांगितलेल्या वेळा आणि हालचाली एकमेकींसमोर मांडल्या, आणि हा माणूस त्या वेळी तिथे असणं शक्य नाही अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी वरिष्ठ पातळीवर पत्रं लिहून फाशी थांबवायची खटपट केली.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हेबिअस कॉर्पसमध्ये लिंडलीला दिलासा दिला नाही. उलट त्याच निकालात वर सांगितलेली कठोर कसोटी घातली गेली. लिंडलीचा जीव वाचला तो राज्यपालांमुळे, मृत्युदंडाची जन्मठेप झाली. हा अनुभव गार्डनर विसरले नाहीत. १९४८मध्ये ‘आर्गसी’ मासिकाच्या आधाराने त्यांनी ‘कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. न्यायवैद्यक, गुप्तहेर, पॉलिग्राफ अशा क्षेत्रांतली नाणावलेली माणसं गोळा केली. तुरुंगात खितपत पडलेल्या, ज्यांचं म्हणणं ऐकायला कुणी उरलं नाही अशा कैद्यांची प्रकरणं ही मंडळी पुन्हा तपासायची.

‘डेडली व्हर्डिक्ट’ त्यांच्या कादंबरीवरून घेतलेला नाही, तो मालिकेसाठीच लिहिला गेला. पण पटकथांवर गार्डनर यांची नजर असायची, आणि कार्यकारी निर्मात्या गेल पॅट्रिक जॅक्सन यांनीही तरुणपणी कायद्याचा अभ्यास केलेला होता. लिंडली कसोटी मोडीत निघायला पुढे जवळजवळ सत्तर वर्षं लागली. २०१७पासून कॅलिफोर्नियात ती सौम्य झाली. आता नव्या पुराव्याने निकाल बदलण्याची शक्यता न बदलण्यापेक्षा जास्त आहे एवढं दाखवलं तरी पुरतं. जेनिस बार्टनच्या काळात ते चाललं नसतं.

आता अशिलाच्या लपवाछपवीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग तोच आहे.

जेनिसने मेसनला सगळं खरं सांगितलेलं नसतं. प्रेक्षकाला वाटतं की ठीक आहे, आता खरं सांगितलं ना, तेच कोर्टापुढे मांडा. इथेच खरी अडचण आहे. ‘नवा पुरावा’ याचा कायद्यातला अर्थ वाजवी प्रयत्न करूनही खटल्याच्या वेळी जो मिळू शकला नसता तो. जी गोष्ट आरोपीला स्वतःला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, ती नवी कशी? आपण त्या रात्री खरे कुठे होतो हे निकालानंतर सांगणारी आरोपी कोर्टाच्या नजरेत फक्त गोष्ट बदललेली एक गुन्हेगार असते. तिने लपवलेलं सत्य तिच्या स्वतःच्या तोंडून तिच्या उपयोगाचं राहत नाही. ते बाहेरून, दुसऱ्या कुणाच्या साक्षीतून, एखाद्या वस्तूतून, एखाद्या कागदातून यावं लागतं. मेसन कोठडीतल्या अशिलाकडून निघून बाहेरच्या माणसांकडे का वळतो, याचं उत्तर यात आहे.

आणखी एक गोष्ट त्या काळातली. आरोपीने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यावं की गप्प बसावं, हा अमेरिकेत त्याचा घटनात्मक हक्क. पण कॅलिफोर्नियात तेव्हा आरोपी गप्प बसला तर सरकारी वकील ज्युरीला सांगू शकायचा, की बघा, यांच्याकडे उत्तर असतं तर बोलले नसते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रिफिन विरुद्ध कॅलिफोर्निया’ प्रकरणात हे बंद केलं ते १९६५मध्ये, म्हणजे या भागानंतर. १९६३च्या बचाव वकिलावर अशिलाला साक्षीला उभं करण्याचा केवढा दबाव असेल याचा विचार करा. बोललं तर उलटतपासात लपवलेलं बाहेर येणार, न बोललं तर मौनावरच बोट ठेवलं जाणार. अशील वकिलाशी खरं बोललेलं नसेल तर हा निर्णय वकील आंधळेपणाने घेतो.

माणसं वकिलाशी खोटं का बोलतात? माझा अनुभव असा की गुन्हा लपवण्यासाठी बोलणारे कमी असतात. जास्त माणसं लाज लपवतात. मुलगा त्या रात्री अशा घरी होता की ते बायकोला कळलं तर संसार मोडेल. बाई घरातून बाहेर पडली होती, पण सासरच्यांना सांगितलेलं वेगळंच. एक भाऊ दुसऱ्याला वाचवायला गप्प असतो. खून केला नाही तर भीती कशाला, असं त्यांना वाटत असतं, आणि त्या छोट्या खोट्यामुळे मोठा पुरावा हातचा जातो. मोबाइलच्या सीडीआरने, म्हणजे कॉलच्या नोंदींनी, टॉवर दाखवला की आपलं म्हणणं कोलमडतं, मग खरी असलेली बाकीची गोष्टसुद्धा कुणी मानत नाही.

म्हणून मी पहिल्या भेटीत नातेवाइकांना बाहेर बसवतो, हे मी कधी चुकवत नाही. आईसमोर मुलगा खरं बोलत नाही, नवऱ्यासमोर बायको बोलत नाही. तुम्ही मला जे सांगाल ते माझ्याकडेच राहील, कायदाच मला तसं बांधतो, हे दोनतीनदा सांगतो. मग ‘तुम्ही केलं का?’ हा प्रश्न विचारतच नाही. विचारतो ते एवढंच: सरकारी वकिलाला तुमच्याबद्दलची कोणती गोष्ट कळली तर तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होईल? या प्रश्नावर माणूस थांबतो, आणि बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच निघते. मेसनकडे डेला स्ट्रीट आहे, ती नेहमी शेजारी बसून टिपणं काढते. पॉल ड्रेक आहे, त्याची गुप्तहेरांची संस्था दिवसरात्र कामाला लागते. आपल्याकडच्या बचाव वकिलाला असा ताफा मिळत नाही, त्यामुळे अशिलाच्या तोंडून पहिल्या आठवड्यात जे निघेल त्याची किंमत आणखी वाढते.

या भागात सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर जिंकतो, तेही सांगण्यासारखं आहे. मालिकेत तो इतका वारंवार हरतो की लोक त्याला दुबळा समजतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी लहानपणी ही मालिका पाहिली होती, आणि सरकारी वकील होण्याची ओढ त्यांना तिथूनच लागली. एका भागात बर्गर सांगतो की निर्दोष माणसावरचा खटला मागे घेतला जातो तेव्हाही त्याचं काम पूर्ण झालेलं असतं, ते त्यांच्या मनात राहिलं. पुढे त्या मॅनहॅटनमध्ये सरकारी वकील झाल्या. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीच्या सुनावणीत सिनेटर अल फ्रँकन यांनी त्यांना विचारलं की बर्गर जिंकला तो खटला कोणता. त्यांना आठवलं नाही.

सरकारी वकिलाचं ते कर्तव्य नुसतं भाषणात राहत नाही, हे दाखवणारा निकाल हा भाग दाखवला गेला त्याच वर्षी आला होता. मे १९६३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रेडी विरुद्ध मेरीलँड’मध्ये ठरवलं की आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षाने दडपला तर ते न्याय्य प्रक्रियेचं उल्लंघन होतं. त्या प्रकरणात प्रत्यक्ष ठार मारण्याची कृती सहआरोपीने कबूल केली होती आणि तो जबाब बचावाला मागूनही दिला गेला नव्हता. पाच महिन्यांनी टीव्हीवर ‘डेडली व्हर्डिक्ट’ लागला.

हे वाचताना महाराष्ट्रातलं एक प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. २००३मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा, बलात्कार आणि खुनांचा भीषण प्रकार घडला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. २००६मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. वर आता कुणीच नव्हतं. तरी पुनर्विलोकनाचा अर्ज पुन्हा ऐकला गेला, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. महत्त्वाचं कारण असं की प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांच्या नोंदीतल्या फोटोंवरून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपास झालाच नाही, आणि ती गोष्ट खटल्यात पुढे आणली गेली नाही. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर त्यांची सोळा वर्षं तुरुंगात गेली होती.

मेसनला जेनिससाठी निकाल उलटवण्याचं हे काम टीव्हीच्या एका तासात करावं लागतं. वेळेची ही काटछाट सोडली तर भागातली भीती खोटी नाही. १९६२च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे वर्षभरच आधी, एलिझाबेथ डंकन या बाईला सॅन क्वेंटिनच्या गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड देण्यात आला होता. १९५५मध्ये बार्बरा ग्रॅहमला. प्रेक्षकांच्या आठवणीत हे ताजं होतं. १९६०मध्ये कॅरिल चेसमनला बारा वर्षांच्या न्यायालयीन झगड्यानंतर तिथेच नेलं गेलं, त्यावर जगभर वाद झाला होता. बाईला गॅस चेंबर ही पटकथालेखकाने वाढवून सांगितलेली गोष्ट नव्हती.

आता शेवटची, भर कोर्टात येणारी कबुली. ही मात्र खोटी. माझ्या कामात उलटतपासात कुणी उठून ‘होय, मीच केलं’ म्हणालेलं मी पाहिलेलं नाही. आपल्याकडे तर ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न उलटतपासात न विचारणं हेच पहिलं शिकवलं जातं. पण मेसनचे उलटतपास ऐकताना शेवटचं मिनिट सोडून द्या आणि आधीची दहा मिनिटं ऐका. साक्षीदाराला तो एका वेळी एकच गोष्ट विचारतो, प्रश्न छोटे ठेवतो, वेळ आणि जागा आधी पक्की करून घेतो, आणि मागे फिरायचे रस्ते बंद झाल्यावरच विसंगतीकडे येतो. मेसन साकारणाऱ्या रेमंड बर यांचा आवाज त्या वेळी चढत नाही, उलट खाली येतो. ती पद्धत खरी आहे, आणि ती अशीच शिकावी.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर. समजा अशिलाला सत्र न्यायालयाने फाशी दिली आणि त्यानंतर खरी गोष्ट बाहेर येऊ लागली. आपली वाट कॅलिफोर्नियापेक्षा थोडी रुंद आहे. फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येऊच शकत नाही, १९७३च्या संहितेचं कलम ३६६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४०७. आणि त्या सुनावणीत उच्च न्यायालय फक्त रेकॉर्ड पाहून थांबत नाही. त्याला वाटलं तर पुढची चौकशी किंवा जादा पुरावा घेण्याचा आदेश देता येतो, जुनं ३६७, नवं ४०८. अपिलात जादा पुरावा घेण्याचा अधिकार वेगळा आहेच, जुनं ३९१, नवं ४३२. तिथे प्रश्न विचारला जातो की न्यायासाठी हा पुरावा गरजेचा आहे का. खटल्यातली पोकळी भरून काढायला हे कलम वापरू देत नाहीत, पण निर्दोष माणसाचा जीव वाचवणारा ठोस पुरावा असेल तर न्यायालयं दार लावत नाहीत.

अर्ज करताना ‘अशील आता खरं सांगतोय’ असं लिहू नका. त्याला वजन नाही. अशिलाने सांगितलेल्या खऱ्या गोष्टीवरून बाहेरचा पुरावा शोधा: ज्या घरी तो होता तिथला माणूस, त्या रात्रीचा पेट्रोलपंपाचा कॅमेरा, हॉटेलचं रजिस्टर, एसटीचं आरक्षण. स्टेशन डायरी, ओळखपरेडचे कागद, पोलिसांनी घेतलेले पण दोषारोपपत्रात न लावलेले जबाब यांच्या प्रती मागा. जो साक्षीदार सरकार पक्षाने यादीत ठेवून सोडून दिला, तो का सोडला हे विचारा. हे सगळं शपथपत्रासोबत लावून मग अर्ज करा. आणि निकाल लागल्याच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज द्या आणि शोधाला लागा, कारण कॅमेऱ्याचं चित्रण आणि मोबाइल कंपनीकडच्या नोंदी फार दिवस ठेवल्या जात नाहीत.